हिक्स, न्यूट आणि पुसलेली नावं : ‘एलियन्स’ कॉमिक्सची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे. ‘एलियन’चे पहिले तीन सिनेमे पाहिले नसतील, तर पुढे कथा उघड होते, आधीच सांगून ठेवतो.)



आजचा विषय आहे सिनेमावरून निघालेली कॉमिक्स. म्हणजे आधी कॉमिक आणि मग सिनेमा, हा बॅटमॅन-स्पायडरमॅनवाला रस्ता नाही. याच्या बरोबर उलटा. आधी सिनेमा गाजतो, मग कोणीतरी प्रकाशक त्याचे हक्क घेतो आणि त्याच जगातल्या पुढच्या गोष्टी कॉमिकमध्ये छापायला लागतो.

अशा कॉमिक्सकडे बरेच जण जरा नाक मुरडूनच बघतात. टी-शर्ट, खेळणी, चहाचे मग आणि त्याच रांगेत कॉमिक. पण या रांगेतल्या एका कॉमिकचं जे झालं, ते ऐकलंत की एक प्रश्न तुमच्या डोक्यात राहील. एखादी गोष्ट ‘खरी’ आहे की नाही, हे ठरवतं कोण? लिहिणारा, वाचणारा, की ज्याच्या नावावर हक्क आहेत तो?

सिनेमा कुठे संपला होता?

थोडी उजळणी करू. १९७९ साली रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ आला. एक मालवाहू अंतराळयान, सात माणसं आणि एक भयंकर जीव. शेवटी वाचते ती एकटी रिप्ली. सात वर्षांनी, १९८६ मध्ये, जेम्स कॅमेरून यांनी दुसरा भाग केला : ‘एलियन्स’. या वेळी जीव एक नाही, शेकडो. एका दूरच्या ग्रहावरची अख्खी वसाहत संपलेली, आणि त्यात जिवंत उरलेली एक लहान मुलगी, न्यूट. तिला वाचवायला रिप्ली जिवावर उदार होते. सोबत हिक्स नावाचा एक शांत, भरवशाचा सैनिक.

सिनेमा संपतो तेव्हा रिप्ली, न्यूट, जखमी हिक्स आणि अर्धा तुटलेला यंत्रमानव बिशप, असे चौघं यानात झोपी जातात. आई, बाप, मुलगी. रक्ताचं नातं कोणाचंच नाही, पण घर म्हणावं असं काहीतरी तयार झालंय. प्रेक्षक सुस्कारा सोडून थेटरातून बाहेर पडतो.

आणि मग पुढची सहा वर्षं सिनेमा काही येत नाही.

डार्क हॉर्सची एंट्री

याच १९८६ साली अमेरिकेत, ऑरेगन राज्यात, माइक रिचर्डसन नावाच्या माणसाने एक छोटी प्रकाशन संस्था काढली : डार्क हॉर्स कॉमिक्स. मार्व्हल आणि डीसी या दोन हत्तींच्या मध्ये हे छोटंसं घोडं. सुपरहिरो तर त्या दोघांनी आधीच वाटून घेतलेले. मग वेगळं काय करायचं? डार्क हॉर्सने सिनेमांकडे बघितलं.

१९८८ मध्ये त्यांनी ‘एलियन्स’ नावाची सहा अंकांची मालिका सुरू केली. लेखक मार्क व्हरहायडन, चित्रकार मार्क नेल्सन. काळीपांढरी चित्रं, बारीक रेषांची, सावल्यांनी भरलेली. त्यांनी सिनेमाची गोष्ट परत सांगितली नाही. त्यांनी विचारलं : ती माणसं जागी झाल्यावर पुढे काय झालं असेल?

त्यांचं उत्तर अजिबात गोडगोड नव्हतं. न्यूट आता मोठी झाली आहे, पण मनोरुग्णालयात आहे. रात्री झोप नाही. डॉक्टरांना तिच्या आठवणी हाच तिचा आजार वाटतो. हिक्सच्या चेहऱ्यावर अॅसिडचे व्रण आहेत आणि हातात दारूचा ग्लास. म्हणजे सिनेमाच्या शेवटी जे ‘वाचले’ म्हणून आपण खूश झालो, ते वाचले खरे, पण सुटले नाहीत.

मग हिक्सला त्या प्राण्यांच्या मूळ ग्रहावर जाणाऱ्या मोहिमेत घेतलं जातं आणि तो न्यूटला रुग्णालयातून काढून सोबत नेतो. इकडे पृथ्वीवर एका कंपनीला हे प्राणी शस्त्र म्हणून हवे आहेत. काही लोक तर त्यांना देव मानायला लागलेत, चक्क पंथ निघालाय. आणि शेवटी व्हायचं तेच होतं. ज्या भीतीपायी रिप्ली सिनेमाभर धडपडत होती, तीच खरी ठरते : ते प्राणी पृथ्वीवर पसरतात.

मध्ये एक जागा अशी आहे की आजही वाचताना पोटात खड्डा पडतो. न्यूट मोहिमेतल्या बटलर नावाच्या सैनिकाच्या प्रेमात पडते. आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी विश्वास टाकते. आणि मग कळतं की तो माणूसच नाही, यंत्रमानव आहे. हे कॉमिक खेळण्यांच्या दुकानात विकायला लिहिलेलं नाही, हे इथे कळतं.

मालिका तुफान चालली. पहिल्या अंकाच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या. १९८९ मध्ये दुसरी मालिका आली, डेनिस बोव्हे यांच्या रंगवलेल्या चित्रांची. १९९० मध्ये तिसरी, ‘अर्थ वॉर’, सॅम कीथ यांच्या वेड्यावाकड्या, अंगावर येणाऱ्या रेषांची. तिसऱ्या मालिकेत रिप्ली परत आली. म्हणजे वाचकाच्या दृष्टीने काय झालं? ‘एलियन’चा तिसरा भाग येऊन गेलासुद्धा! फक्त तो पडद्यावर नव्हता, कागदावर होता.

आणि मग १९९२

मे १९९२. डेव्हिड फिंचर यांचा ‘एलियन थ्री’ आला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा. आणि सिनेमा सुरू होताच, श्रेयनामावली चालू असतानाच, यानात आग लागते, चौघांना घेऊन निघालेली सुटका-कुपी एका तुरुंग-ग्रहावर कोसळते, आणि न्यूट आणि हिक्स मरतात. लढताना नाही. एखादा शेवटचा संवाद बोलून नाही. झोपेत. थोड्याच वेळात पडद्यावर न्यूटचं शवविच्छेदन.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर लोक आजही भांडतात. स्वतः कॅमेरून यांनी यावर उघड नाराजी दाखवली आहे. बाजू घ्यायचीच तर दुसऱ्या बाजूलाही म्हणणं आहे : तो सिनेमाच शोकाचा आहे, रिप्लीकडून सगळं काढून घेतल्याशिवाय तो उभा राहत नाही. मान्य. पण आज आपण सिनेमाबद्दल नाही, कॉमिकबद्दल बोलतोय.

कॉमिकचं काय झालं? तीन मालिका, त्यात मोठी झालेली न्यूट, व्रण घेऊन जगणारा हिक्स, हजारो वाचक. आणि आता मालकांनी पडद्यावरून सांगितलं की ही दोघं तर कधीच मेली होती.

आता गंमत बघा. डार्क हॉर्सकडे ‘एलियन थ्री’चं अधिकृत कॉमिक रूपांतर काढण्याचंही काम होतं, आणि त्यांनी ते १९९२ मध्येच काढलं. म्हणजे ज्या घराने न्यूटला मोठं केलं, त्याच घराने तिचा मृत्यूही छापला. दोन्ही पुस्तकांवर ‘एलियन’चं नाव, दोन्ही रीतसर परवान्याची, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

चित्रं तीच, नावं वेगळी

मग तोडगा काय काढला? जुन्या मालिकांच्या पुढच्या पुस्तक-आवृत्त्यांमध्ये नावं बदलली. हिक्सचा झाला ‘विल्क्स’. न्यूटची झाली ‘बिली’.

चित्रं तीच. व्रण तेच. मनोरुग्णालय तेच. फुग्यांमधले शब्द बदलले, भूतकाळाचे संदर्भ बदलले. आता ही मुलगी सिनेमातल्या वसाहतीतली नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी वसाहतीतली, जिथे तसंच काहीसं घडलं होतं आणि एका सैनिकाने तिला तसंच वाचवलं होतं. कादंबरीकार स्टीव्ह पेरी यांनी या कॉमिक्सवर कादंबऱ्या लिहिल्या, त्यातही हीच नावं. ‘अर्थ वॉर’मध्ये तर रिप्ली होती, आणि रिप्ली तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी मरते. तिचं काय करायचं? १९९३ च्या कादंबरीत तिला यंत्रमानव करून टाकलं. रिप्ली, पण रिप्ली नाही. जुगाड म्हणतात तो हाच!

वरवर बघितलं तर वाटेल, नावच तर बदललं. त्यात काय एवढं? पण जरा थांबून विचार करा.

जुन्या आवृत्तीत न्यूट रात्री दचकून उठते, तेव्हा ती कशामुळे दचकली हे आपल्याला माहीत असतं. आपण ते तिच्यासोबत थेटरात पाहिलेलं असतं. तिच्या हातातलं बाहुलीचं डोकं, गटारातलं पाणी, रिप्लीला मारलेली मिठी. कॉमिकला ते सांगावंच लागत नाही. नव्या आवृत्तीत बिली दचकून उठते, तेव्हा आपल्याला काहीच आठवत नाही, कारण तिचा भूतकाळ कोणी दाखवलेलाच नाही. न निघालेल्या एका सिनेमाचा पुढचा भाग वाचतोय, असं वाटतं.

आणि हिक्सचा सगळा अपराधीपणा? ‘मी वाचलो, बाकीचे गेले’ हे ओझं? ज्यांच्यासाठी तो झुरतोय ते हडसन, व्हास्केझ, ही माणसं आपल्याला आवडलेली असतात. विल्क्सचे मित्र कोण होते, आपल्याला काय माहीत!

मला तर यातला सगळ्यात विचित्र योगायोग हा वाटतो : ही गोष्टच मुळी एका अशा मुलीची आहे, जिला सगळे सांगतायत की तुझ्या आठवणी बाजूला ठेव, म्हणजे तू बरी होशील. आणि शेवटी छापखान्यात तिच्याबाबतीत तेच झालं.

हे असं का होतं?

कोणी दुष्ट होतं म्हणून नाही. व्यवहारच तसा आहे. परवान्यावर कॉमिक काढणारा प्रकाशक म्हणजे भाडेकरू. घर स्टुडिओचं. तुम्ही भिंतीला छान रंग द्या, बाग फुलवा, पण मालकाने उद्या भिंत पाडायची ठरवली तर तुम्ही काय करणार? लेखक-चित्रकारांचं तर त्याहून अवघड. त्यांनी लिहिलेली, काढलेली पात्रं त्यांची नसतातच. आणि सिनेमा करणाऱ्यांवर कॉमिक वाचण्याचं काही बंधन नसतं. एका सिनेमाचे प्रेक्षक कोट्यवधी, कॉमिकचे वाचक त्या मानाने मूठभर. कोणाचं चालणार, हे उघड आहे.

हे फक्त ‘एलियन’चं नाही. ‘स्टार वॉर्स’चं बघा. १९७७ मध्ये मार्व्हलचा पहिला अंक सिनेमाच्या काही आठवडे आधीच बाजारात आला होता. सिनेमात जब्बा द हटचा प्रसंग चित्रित होऊन कापला गेला होता, त्यामुळे जब्बा दिसतो कसा हे प्रेक्षकांनी बघितलेलंच नव्हतं. कॉमिकवाल्यांनी आपला एक जब्बा रंगवला : दोन पायांवर उभा, सडपातळ, मिशीवाला. १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ आला आणि जब्बा निघाला डोंगराएवढी गोगलगाय!

पुढे डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की इतक्या वर्षांची बहुतेक सगळी ‘स्टार वॉर्स’ पुस्तकं आणि कॉमिक्स आता मुख्य कथेचा भाग नाहीत. त्यांना नवा शिक्का मिळाला : ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा. एका घोषणेत कित्येक दशकांचं काम दंतकथा झालं.

पण वारं दोन्हीकडून वाहतं

आता इथवर ऐकून वाटेल की कॉमिक म्हणजे बिचारं. तसंही नाही.

‘एलियन विरुद्ध प्रेडेटर’ ही कल्पनाच बघा. हे दोन वेगळे सिनेमे. त्यांची झुंज लावायचं डार्क हॉर्सच्या कॉमिकमध्ये १९८९ च्या शेवटी सुरू झालं. वर्षभराने ‘प्रेडेटर टू’ आला, आणि त्यात शिकाऱ्याच्या यानात लावलेल्या कवट्यांमध्ये एक लांबट कवटी दिसली. एलियनची! थेटरातल्या कॉमिकवाचकांनी काय आरडाओरडा केला असेल, विचार करा. २००४ मध्ये त्या नावाचा सिनेमाही आला.

‘स्टार वॉर्स’मधली निळ्या कातडीची जेडाय आयला सेक्युरा आठवते? ती जन्मली डार्क हॉर्सच्या कॉमिकमध्ये. जॉर्ज लुकास यांना तिचं चित्र आवडलं आणि २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मध्ये ती पडद्यावर आली. आणि १९९१ च्या ‘डार्क एम्पायर’ कॉमिकमध्ये सम्राट पॅल्पटीन क्लोनच्या शरीरात परत येतो. दंतकथा म्हणून बाजूला काढलेली गोष्ट. २०१९ च्या सिनेमात पॅल्पटीन कसा परत आला, ते आठवा. पुढच्या दाराने काढलेली गोष्ट मागच्या दाराने घरात!

मग न्यूटचं काय?

हां, तिच्याकडे परत येऊ. कारण तिची गोष्ट १९९२ मध्ये संपली नाही.

‘एलियन्स’ सिनेमाला तीस वर्षं झाली, तेव्हा म्हणजे २०१६ मध्ये, डार्क हॉर्सने पहिल्या मालिकेची मोठ्या आकाराची खास आवृत्ती काढली. काळीपांढरी, मूळ होती तशी. आणि त्यात नावंही परत मूळची : हिक्स आणि न्यूट. चोवीस वर्षांनी तिला तिचं नाव परत मिळालं. कथेच्या अधिकृत यादीत तिला जागा मिळाली का? नाही. त्या यादीत ती अजूनही मेलेलीच आहे. पण पुस्तकाच्या पानावर ती न्यूट आहे.

याच्या पुढची गोष्ट आपल्यासारख्या ‘ऐकणाऱ्यां’साठी आहे. ‘एलियन थ्री’ साठी अनेक पटकथा लिहून बाद झाल्या होत्या. त्यातली एक ‘न्यूरोमॅन्सर’वाल्या विल्यम गिब्सन यांची. तिच्यात हिक्स नायक आहे आणि न्यूट जिवंत. २०१८ मध्ये जॉनी ख्रिसमस यांनी तिचं कॉमिक केलं, तेही डार्क हॉर्ससाठीच. आणि २०१९ मध्ये ऑडिबलने तिचं श्राव्य नाटक केलं. हिक्सचा आवाज कोणाचा? मायकल बीन यांचा. तेच, सिनेमातले हिक्स. बिशपसाठी लान्स हेन्रिक्सन. ज्या नटाचं पात्र पडद्यावर एकही शब्द न बोलता मेलं, त्याने सत्तावीस वर्षांनी हेडफोनमधून ते पात्र जगून दाखवलं.

दरम्यान फॉक्स डिस्नेकडे गेली, ‘एलियन’ कॉमिक्सचे हक्क मार्व्हलकडे गेले आणि २०२१ पासून तिथून नव्या मालिका सुरू झाल्या. भाडेकरू बदलला. घर तेच.

वाचायचं तर कसं वाचायचं?

दोन-तीन कामाच्या गोष्टी. पहिली : ही पहिली मालिका नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ‘आउटब्रेक’ या नावानेही मिळते. घेण्याआधी आतली दोन पानं चाळा. सैनिकाला विल्क्स म्हणत असतील तर ती बदललेली आवृत्ती, हिक्स म्हणत असतील तर मूळची. जमलं तर मूळची वाचा.

दुसरी : ‘एलियन्स’ सिनेमा बघून लगेच वाचा. ‘एलियन थ्री’ नंतर बघा. म्हणजे १९८८ च्या वाचकाला काय वाटलं असेल ते कळेल.

तिसरी जरा गंभीर. आपण सगळे आता मोबाइलवर वाचतो. छापील अंकाचं एक बरं असतं : १९८८ चा अंक ज्याच्या कपाटात होता, त्याच्या कपाटात न्यूट न्यूटच राहिली. कोणी येऊन खोडरबर फिरवून गेलं नाही. अॅपवरच्या पुस्तकाची तशी खात्री नाही. परवाना संपला की विक्री थांबू शकते, नवी आवृत्ती आली की जुनी गुपचूप बदलली जाऊ शकते. जे मनापासून आवडतं, त्याची एखादी प्रत कागदावर ठेवा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात, प्रदर्शनात, मिळेल तिथून.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक ‘पाठभेद’ असा शब्द वापरतात. एकाच ग्रंथाच्या प्रतींमध्ये शब्द वेगळे असतात, प्रसंग वेगळे असतात. चांगला अभ्यासक एक पाठ वर छापतो, पण बाकीचे फेकून देत नाही, तळटिपेत ठेवतो. मला वाटतं, या कॉमिक्सकडेही तसंच बघावं. मालकाने वरचा पाठ ठरवावा, तो त्याचा हक्क आहे. मात्र तळटिपेत काय आहे ते वाचणं हा आपला हक्क आहे. न्यूट बुडून मेली, हा एक पाठ. न्यूट मोठी झाली, फसली, रडली आणि परत उभी राहिली, हा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो. तुम्हाला पहिला पटत असेल तर तसं सांगा, भांडू आपण!

तुम्हाला आवडलेलं एखादं पात्र, एखादी गोष्ट असं कोणी ‘अधिकृत नाही’ म्हणून बाजूला काढलंय का? सिनेमा, मालिका, कॉमिक, गेम, काहीही चालेल. आवाजी संदेश पाठवा. निवडक संदेश पुढच्या भागात ऐकवू.

तोपर्यंत वाचत राहा, ऐकत राहा. भेटू पुढच्या भागात!